गाण्यातल्या माणसाची खुर्ची

बेथनी, जॉर्जिया
सोमवार, १० सप्टेंबर १९७९

प्रिय होयट,

या पत्रातून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: 'दार उघडं ठेव' हे गाणे तुझ्याविषयी नाही. ती सिद्ध झाली की तिच्यातून एक विनंती आपोआप निघते. ती शेवटी करीन.

नऊ मैलांवर राहणाऱ्या मेहुण्याला पत्र कशाला, असे तुला वाटेल. तुझ्या फोनच्या तारेवर आणखी चार घरे आहेत आणि चारही घरांत कान आहेत. जे मला सांगायचे आहे ते फक्त तुलाच सांगायचे आहे.

आधी वस्तुस्थिती. माझा मुलगा आणि तुझा भाचा लमार याच्या 'चिनाबेरी' बँडची 'निवडक बारा' ही तबकडी ऑगस्टमध्ये बाजारात आली. 'क्लॅरियन'च्या संपादिका मिसेस प्रुइट यांनी वाचकांना मते पाठवायला सांगितले. कालच्या अंकात त्या मतांनी पूर्ण पान अडवले आहे. मी ते पेन्सिल घेऊन वाचले. वेक्रॉसचा एक ट्रकवाला लिहितो, "बारा गाण्यांत टायर बदलण्यासाठीसुद्धा थांबावंसं वाटलं नाही, शेवटी टायर फुटलाच." कुणी रागावून विचारतो की 'लाल माती' हे गाणे वगळून याला निवडक म्हणायचे कसे, म्हणजे डुकराचे मांस रात्रभर धुरावर शिजवायचे आणि पानात वाढायचेच नाही. केशभूषेचे दुकान चालवणाऱ्या बाईंना खात्री आहे की 'दार उघडं ठेव' हे त्यांच्या पहिल्या नवऱ्यासाठी लिहिले आहे. "तो परत यायचा नाही, पण दार मी लावलेलं नाही. वारा येतो." बॅप्टिस्ट चर्चच्या एका ज्येष्ठांच्या मते ते दार परमेश्वराचे आहे.

उरलेल्या सतरा जणांनी तुझे नाव घेतले आहे. आणि तेवढ्यावर जत्रा समितीने ठरवून टाकले की २० ऑक्टोबरला बँड मैदानावर वाजवेल तेव्हा 'गाण्यातला माणूस' म्हणून तुला व्यासपीठावर खुर्चीत बसवायचे. लमारला रेडिओवर विचारले, तेव्हा तो म्हणाला, "ज्याला कळायचं त्याला कळेल." हे उत्तर नव्हे.

आता गाण्याच्या ओळी पाहा.

गुरुवार आला, धूळ आली,
दार उघडं ठेव.
आत ये म्हणू नकोस बरं,
तेवढं दार उघडं ठेव.

ही व्यक्ती कोण, याचे तीन विकल्प संभवतात. पहिला तू, ज्याच्या शेंगांच्या कोठारात ही मुले सदुसष्टपासून एकोणसत्तरपर्यंत दर गुरुवारी दुपारी सराव करीत. दुसरा, एखादी प्रेयसी. तिसरी यूला, म्हणजे तुझी बहीण आणि माझी दिवंगत पत्नी. मी स्वतःला या यादीत धरत नाही. मी त्या कोठारात कधी पाऊल ठेवले नाही, हे सगळ्या परगण्याला माहीत आहे.

कोठार तुझे. आपल्याच कोठारात येणाऱ्या मालकाला 'आत ये म्हणू नकोस' असे कुणी म्हणत नाही, तो येतोच. तेव्हा पहिला विकल्प बाद. प्रेयसी दाराशी आली असता तिला आत न बोलावणारे वीस वर्षांचे पोर मी पाहिलेले नाही. दुसराही बाद. उरते यूला. ती त्र्याहत्तर साली गेली, गाणे चौऱ्याहत्तरच्या तबकडीवर प्रथम आले. जी आत येऊ शकत नाही, जिला बोलावण्यात अर्थ नाही, तिच्यासाठी दार तेवढे उघडे ठेवायचे. अर्थ स्वच्छ आहे.

तेव्हा विनंती अशी: तू समितीला कळव की ती खुर्ची तुझी नव्हे.

तुझा,
लूशियस ट्रॅमेल


सँडी बॉटम रोड
शुक्रवार, १४ सप्टेंबर

दाजी,

तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा कळलं की तुम्ही हे खरंच मनापासून लिहिलंय, तेव्हा जरा भीती वाटली.

शेंगा उपटून ओळीनं उलट्या टाकल्यात, वरून ऊन हवंय आणि आभाळ रोज तोंड वाकडं करतंय. म्हणून थोडक्यात लिहितो.

खुर्ची मी मागितलेली नाही. चर्चबाहेर मिसेस प्रुइटनं माझा हात धरला आणि म्हणाली, "होयट, तुला स्टेजवर बसवणार आहोत." मी म्हटलं, "बाई, मला मूळव्याध आहे, उभा राहिलो तर चालेल का?" लाल होऊन पळाली. तुम्ही असतात तर तिला मूळव्याधीची व्याख्या विचारली असतीत.

आता तुमची ती वजाबाकी. कोठार माझं, मला कोण आत ये म्हणणार, हे शंभर टक्के बरोबर. मी तर म्हणतो, सतरा जणांपेक्षा तुम्हीच शहाणे. पण यूला? दाजी, गाण्यात धूळ आहे. मेलेल्या माणसामागं धूळ उठत नाही. धूळ उठते गाडीमागं. आणि गाणं छापलं चौऱ्याहत्तरला, पण पोरानं ते केलं एकोणसत्तरच्या हिवाळ्यात, मेकनला गेल्यावर. नाताळात आला तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणून दाखवलं. तुम्ही घरी पेपर तपासत होतात. यूला मक्याची भाकरी उलथत होती. ऐकून आधी हसली, मग ॲप्रननं डोळे पुसले आणि म्हणाली, "बाई गं, हे त्यांना ऐकवू नका." भाकरी करपली. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या मरणावरचं गाणं ऐकून कुणी भाकरी करपवतं का?

आणि खरं सांगू? हे सगळं मला विचारताच कशाला? तुम्हीही ऐकलंय ना. ते डासांचं आलं तेव्हा मी ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. हसलो, आणि मग हसू थांबलं. पोरानं इतकी वर्षं मला तोंड उघडू दिलं नाही, आणि आता स्वतःच चारचौघांत मांडून ठेवलं. मला वाटलं, आता दाजी येणार. आलं हे पत्र.

ऐकलंत ना? मग आता मान्य करून टाका. तुमचं काही जात नाही त्यात.

बादलीभर शेंगा उकडून ठेवल्यात. खारट आहेत, तुम्हाला आवडतात तशा. येऊन न्या.

होयट


बेथनी
बुधवार, १९ सप्टेंबर

होयट,

"मान्य करून टाका." तुझ्या पत्रातले हे तीन शब्द सोडले, तर बाकी मी विनोद म्हणून सोडून दिले असते.

तू काय मान्य करायला सांगतोस ते स्पष्ट आहे. आधी नम्रतेने म्हणायचे की खुर्ची मागितली नाही, मग मूळव्याधीचे निमित्त, मग पोराने तुझ्याजवळ काही गुपित ठेवले होते आणि आता ते 'चारचौघांत मांडले' अशी सूचना. गुपित कुणाचे असते, होयट? ज्याला सांगितले त्याचे. मी तबकडी एकेचाळीस वेळा ऐकली आहे. बारा गाणी, सहा अलीकडच्या बाजूला, सहा पलीकडच्या. 'दार उघडं ठेव' दुसऱ्या बाजूला अखेरचे आहे, आणि ते वाजत वाजत मावळते. त्यात किंवा दुसऱ्या कोणत्याही गाण्यात डास नाहीत. लमारने कुणाचे नाव घेतलेले नाही. जे नाही ते तू ऐकले आहेस, किंवा तू माझी थट्टा करतो आहेस. दोन्हींपैकी दुसरे अधिक संभवनीय.

यूलाविषयी तू दिलेली साक्ष खरी धरली, तर माझा तिसरा विकल्प पडतो, हे मला मान्य आहे. मी पुराव्याशी भांडत नाही. पण मग तीनही पडतात, आणि याचा अर्थ एवढाच, की तुझी साक्ष संशयास्पद आहे. तिच्यापासून लाभ कुणाला होतो? साक्षीदारालाच.

आता जे तर्कात बसत नाही ते एकदा लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा लिहावे लागणार नाही.

तो दोन बोटांनी शिटी वाजवायला तुझ्याकडून शिकला. मला ती कधी आली नाही. मी खोलीचे दार लावून प्रयत्न केला आहे. अकराव्या वर्षी पेकानच्या झाडावरून पडून त्याचा हात मोडला. मी त्याला उचलून डॉक्टरकडे नेले आणि वाटभर तो विचारत होता, "मामा कुठाय?" त्याची पहिली तबकडी निघाली तेव्हा टपालाने तुझ्याकडे आली. मी ती दुकानातून विकत आणली, आणि दुकानदाराला सांगितले की भेट द्यायची आहे. तो हसतो तेव्हा आधी खांदे हलतात आणि मग आवाज येतो. तसे आमच्या घराण्यात कुणी हसत नाही. तू हसतोस. यूलाला पुरले त्या दिवशी तो तुझ्या शेजारी उभा होता आणि तू त्याला रुमाल दिलास. इस्त्री केलेला रुमाल माझ्याही खिशात होता.

एवढे सगळे तुला मिळाले. त्यावर आता गाणेही तुझे, आणि सबंध परगण्यासमोर खुर्चीही तुझी. हे मी मत्सराने लिहीत नाही. प्रमाणाची जाणीव एवढेच त्याचे नाव.

'क्लॅरियन'कडे मीही माझे मत पाठवले आहे.

लू. ट्रॅमेल


'क्लॅरियन', रविवार, २३ सप्टेंबर
श्रोत्यांची मते : 'निवडक बारा'

"नवऱ्यानं तबकडी आणली आणि मला वाटलं आता डोकं उठणार. तर भांडी घासून कधी झाली कळलं नाही. पाचवं गाणं मात्र उगीच लांबवलंय, गिटारवाल्यांना घरी जायचं नव्हतं का?" – मिसेस लॉटी स्ट्रिकलँड

"'दार उघडं ठेव' या गाण्यातील व्यक्ती श्री. होयट मिझेल आहेत, ही समजूत गाण्याच्या शब्दांशीच विसंगत आहे. कोठाराच्या मालकाला आत बोलावू नये असे म्हणण्याचे कारण नाही. श्री. मिझेल यांनी स्वतःही ही विसंगती मजजवळ लेखी मान्य केली आहे. तरीही ते व्यासपीठावर बसले, तर ते जागा देणाऱ्यांच्या अज्ञानाचा लाभ घेत आहेत असे म्हणावे लागेल." – प्रा. लूशियस ट्रॅमेल (निवृत्त), तर्कशास्त्र व वादविद्या


सँडी बॉटम रोड
गुरुवार, ४ ऑक्टोबर

प्रोफेसर,

दहा दिवस लिहिलं नाही. शेंगा भिजल्या, एक बाजू काळी पडली, पण ते कारण नाही. तुमचं पेपरातलं वाचलं आणि हातात पेन्सिल धरवेना.

'अज्ञानाचा लाभ घेत आहेत.' खताच्या दुकानात मला एकानं विचारलं, "काय होयट, भाच्याच्या जिवावर फुकट खुर्ची मिळवायला निघाला होतास म्हणे?" चाळीस वर्षं मी त्या दुकानात जातो. समितीनं माणूस पाठवला, टोपी हातात घेऊन उभा. मी म्हटलं, "बाबा, ती खुर्ची जाळा आणि तिच्यावर मांस भाजा." झालं तुमच्या मनासारखं.

तुम्ही लिहिलंत की पोराला सगळं माझ्याकडून मिळालं. दाजी, मला पोरबाळ नाही. तुमच्या घरी एक होतं, ते गुरुवारी माझ्याकडे यायचं, आणि साडेसहा वाजता घरी जायचं. कितीही सांगितलं तरी जेवायला थांबायचं नाही. "पप्पा वाट बघत असतील." मी दारात उभा राहून त्याची धूळ बसेपर्यंत बघायचो. तुमच्या यादीत हे नव्हतं म्हणून कळवलं. मत्सर तुम्हालाच करता येतो असं नाही.

हे पत्र इथंच संपवून पेटीत टाकणार होतो. पण काल एक झालं.

खताच्या दुकानात गल्ल्यावरच्या बाईनं तिची तबकडी लावली होती. 'दार उघडं ठेव' आलं, तुम्ही म्हणता तसं शेवटी. मी म्हटलं, "बाई, तुमची खराब निघाली, आधीचं गेलंय." ती म्हणाली, "आधीचं काय?" मी म्हटलं, "पोरांचं बोलणं. डासांचं." ती म्हणाली, "कसलं बोलणं?" तिनं तबकडी पहिल्यापासून लावली, आम्ही दोघं खताच्या पोत्यांवर बसून सगळी ऐकली. नाही. कुठंच नाही.

मग तिच्या पोरानं मला समजावलं. माझ्या ट्रकमध्ये ती विटेएवढी टेप असते ना, तिचे म्हणे चार भाग असतात आणि चारही सारख्या लांबीचे करावे लागतात. म्हणून गाण्यांचा क्रम फिरवतात, एखादं मधेच तोडतात, खट् वाजतं आणि पुढचं सुरू होतं. आणि जिथं जागा उरते तिथं काहीतरी भरतात. माझ्या टेपवर तिसऱ्या भागात दीड मिनिट उरलं होतं. तिथं त्यांनी अडुसष्ट सालचा कोठारातला तुकडा भरलाय. तबकडीवर जागा उरत नाही, म्हणून तिथं तो नाही.

दाजी, तुमच्याकडे ट्रक नाही. तुमच्याकडे तबकडी आहे. तुम्ही ते ऐकलेलंच नाही. आणि मी तीन आठवडे तुम्हाला म्हणतोय, ऐकलंत ना, मान्य करा.

माझ्या पत्राचा तुम्ही काय अर्थ लावला असेल, ते आता कळतंय. मलाच आधी कळायला हवं होतं.

त्यात काय आहे ते मी लिहिणार नाही. पोराला शब्द दिलाय. आणि मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, लाभ कुणाला? या, आणि ट्रकमध्ये बसा. रागावलेला आहेच मी, पण ट्रक रागावलेला नाही.

होयट


बेथनी
मंगळवार, ९ ऑक्टोबर

प्रिय लमार,

सहा वर्षांनी तुला पत्र लिहीत आहे. ते लांबणार नाही याची काळजी घेतली आहे.

काल दुपारी मी तुझ्या मामाकडे गेलो. त्याने मला आत बोलावले नाही, दाराच्या चौकटीतूनच ट्रककडे बोट केले. मी ट्रकच्या दाराशी उभा राहिलो तेव्हा म्हणाला, "बसा, दाजी. आज तरी आत बसा." मी आत बसलो. त्याने टेप लावली, योग्य जागी आणली, आणि स्वतः खाली उतरून शेंगांच्या ओळीत जाऊन पाठमोरा उभा राहिला. त्याच्याच ट्रकबाहेर, उन्हात. एवढी सभ्यता मी त्याच्यात कधी मोजली नव्हती.

जे ऐकले ते येथे उतरवतो. तुला ते माहीत आहे. मला ते लिहून काढल्याशिवाय खरे वाटत नाही.

ढोलवाला म्हणतो, "आला रे तुझा बाप. धूळ बघ."

तू म्हणतोस, "दार उघड. सगळं नको, निम्मं. सगळं उघडलं तर त्याला कळेल."

"डास येतायत, लमार!"

"येऊ देत."

"अरे, मग आत बोलाव ना त्याला. सरळ हाक मार."

"हाक मारली तर पुढच्या गुरुवारी येणार नाही. तू त्याला ओळखत नाहीस. चल, पहिल्यापासून घेऊ. त्याची सुरुवात हुकली."

त्यानंतर तुम्ही पहिल्यापासून वाजवता. मग खट् असा आवाज येतो आणि 'दार उघडं ठेव' सुरू होते.

होय, मी येत असे. गुरुवारी विभागाची बैठक असते असे तुझ्या आईला सांगून निघत असे. राखाडी प्लिमथ गाडी पेकानच्या झाडांपलीकडे, कुंपणाच्या बाहेर उभी करीत असे आणि तुमच्या बाजूची काच अर्धी खाली घेत असे. सदुसष्टच्या सप्टेंबरमध्ये मी तुझ्या मित्रांसमोर म्हणालो होतो, की तू पुन्हा कॉलेजात जाईपर्यंत मी हे ऐकायला येणार नाही. नवा पुरावा मिळाल्याशिवाय मत बदलू नये, असे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवले. पुरावा दर गुरुवारी मिळत होता. मत बदलले होते. ते बोलून दाखवणे राहिले.

एक गोष्ट मला त्या वेळी खटकत असे. मी गाडी उभी केली की तुम्ही चालू असलेले गाणे थांबवून पहिल्यापासून घेत असा. प्रत्येक वेळी. मी मनात म्हणत असे, या मुलांना शिस्त नाही.

म्हणजे तुला माहीत होते, तुझ्या मामाला माहीत होते, ढोल वाजवणाऱ्या मुलाला माहीत होते, आणि त्या नाताळात करपलेल्या भाकरीपाशी तुझ्या आईलाही कळले. माझे गुपित तुम्ही सर्वांनी मिळून माझ्यापासून लपवले. एकोणसत्तरपासून त्र्याहत्तरपर्यंत ती माझ्यासमोर जेवायला बसत होती. मला तिचाही क्षणभर मत्सर वाटला. तो अजून पूर्ण गेलेला नाही.

'क्लॅरियन'ला मी कालच कळवले आहे, की विकल्पांची माझी यादी अपुरी होती आणि श्री. मिझेल यांच्याविषयी मी लिहिलेले शेवटचे वाक्य असत्य व अनुचित होते. ते त्याच ठिकाणी, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे असे सांगितले आहे. खुर्चीविषयी होयटचे म्हणणे असे, की आता दोन ठेवा आणि दोन्ही रिकाम्या राहू द्या. तो आणि मी ट्रकच्या मागच्या फळीवर बसून ऐकू. मी त्याला म्हणालो की फळी कठीण असते. तो म्हणाला, "दाजी, मूळव्याध मला आहे, तुम्हाला नाही." आम्ही त्याच्या पायरीवर बसून बादलीतल्या शेंगा संपवल्या.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिले ते.

तुझ्या आईला पुरून लोक पांगले, त्यानंतर स्मशानाच्या फाटकापाशी तू माझ्या समोर येऊन उभा राहिलास. तिच्या कबरीवर तुला वाजवायचे होते आणि मी ते होऊ दिले नव्हते, हे आपल्या दोघांच्याही मनात होते. पण तू त्याविषयी बोलला नाहीस. तू म्हणालास, "तुम्ही मला एकदाही ऐकलं नाहीत." एवढे बोलून तू गेला नाहीस. तू थांबलास. बराच वेळ थांबलास. इतका, की होयटने गाडीतून हॉर्न वाजवला, आणि तरीही तू हलला नाहीस.

मी तो आरोप समजलो. आरोपाला खुलासा देणे मला कमीपणाचे वाटले, म्हणून मी टोपी घातली आणि निघालो. तुला माझे सगळे गुरुवार ठाऊक होते. तू मला दोष देत नव्हतास. मी 'ऐकले' एवढा एक शब्द म्हणावा, म्हणून तू जागा करून देत होतास आणि वाट पाहत होतास.

ऐकले, लमार. शंभराहून अधिक गुरुवार.

माझ्या वागण्यात आणि विचारात इतर दोष असतील. त्यांपैकी काहींच्या बाजूने मी अजूनही वाद घालू शकेन. फाटकापाशी मी निघून गेलो, ही चूक होती. तिच्या बाजूने मला काहीही म्हणायचे नाही.

लूशियस ट्रॅमेल